वाघाची वाट आणि नऊ घरकुलं

२०१७ साली मी एकोणसाठ वर्षांचा होतो आणि वनमजूर म्हणून माझं शेवटचं वर्ष सुरू होतं. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "महादू, आता उन्हातान्हात फिरू नको. नाक्यावर बस, गाड्या मोज." मी म्हटलं, गाड्या मोजायच्या असत्या तर सीताबर्डीच्या चौकात उभा राहिलो असतो, जंगलात कायले आलो असतो? साहेब हसले. म्हणाले, "मग उद्यापासून एक मॅडम येणार आहेत, त्यांच्यासोबत जा. माणसाला लय चालवतात म्हणे."

उभ्या नोकरीत साहेबांनी मला पुष्कळ हुकूम दिले. निम्मे मी ऐकले, निम्मे ऐकल्यासारखे केले. या एका हुकमासाठी मात्र मी त्यांचे उपकार मानतो.

दिवाळी अंकवाल्यांचं म्हणणं होतं की नोकरीची सगळी हकीकत लिहा. सगळी लिहिली तर त्यांना जाहिरातींना जागा उरणार नाही. शिवाय मी चौथी पास. वडील खाप्याचे विणकर. माग बंद पडले तेव्हा आम्ही आईच्या गावी, बोरडोहला आलो. गाव डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाला लागून. धागा सुटला तर हातात कुऱ्हाड आली, एवढंच. माझ्या नोकरीत मला कागद कमी आणि झाडं जास्त वाचायला लागली, म्हणून निभलं.

वनमजूर म्हणजे काय, हे नागपूरच्या लोकांना ठाऊक नसते. त्यांना वाटते आम्ही वाघाला चारा टाकतो. आमचं मोठं काम उन्हाळ्याआधीचं. पानगळ झाली की जंगलात रस्त्यासारखी लांब पट्टी काढायची, तिच्यातला पाला झाडून जाळायचा, म्हणजे पुढं वणवा आला तर त्या पट्टीपाशी थांबतो. तिला जाळरेषा म्हणतात. मग पाणवठे साफ करा, कोरडे पडले तर टँकर आणा, फासे शोधून काढा, कोणाची बकरी मेली तर पंचनाम्याला जा आणि बकरीवाल्याच्या शिव्या खा. वाघ दिसणं हे या कामात येत नाही. दिसला तर दिसला.

पाहुणे फार येत. एकदा लकडगंजचे एक शेठ सहकुटुंब आले. लाकडाची वखार त्यांची. जीपमध्ये मला पुढं बसवलं. बाई-लेकरं वाघ शोधून राहिली आणि शेठ सागवान पाहून राहिले. एकेका झाडाला बोट दाखवून म्हणत, "ये चालीस फूट निकलेगा. ये अंदर से पोला है." शेवटी वाघीण रस्त्यात आडवी येऊन बसली. शेठ हळूच माझ्या कानात म्हणाले, "भाऊ, हिच्या मागचं झाड पाहिलं काय? क्या माल है!" मी म्हटलं, "शेठजी, ती समोर बसली आहे म्हणूनच ते मागं उभं आहे." शेठ पुन्हा झाडांकडं पाहू लागले. जाताना मात्र मला शंभरदा रामराम करून गेले. असे लोक मला आवडतात. त्यांना काय पाहिजे ते ते लपवत नाहीत.

तर मॅडम. नाव केतकी. वयानं माझ्या पोरीएवढी, बारीक, डोक्यावर मळकी टोपी. जंगलाचा दहा वर्षांचा आराखडा करायचं काम तिच्याकडं होतं. आराखडा म्हणजे साहेब लोकांनी पंख्याखाली बसून रंगवलेला नकाशा, असं माझं पक्कं मत होतं. पहिल्याच दिवशी मी तिला तसं तोंडावर बोललो. ती म्हणाली, "मग चला ना काका, पंख्याबाहेर." आणि दुपारपर्यंत मला असं चालवलं की घरी येऊन मी बायकोला पाय चेपायला सांगितलं. बायको म्हणाली, "नोकरी तुमची, पाय तुमचे."

हळूहळू मला आराखडा कळला. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्री, सांबर, अगदी खवल्या मांजरापर्यंत सगळ्यांना एका कुंपणात राखून भागत नाही. आपण सोयरीक करायला दुसऱ्या गावाला जातो. एकाच भावकीत लग्नं लावत बसलो तर काय होईल? जनावराचंही तेच. त्याला एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायला वाट पाहिजे. मोठं जंगल आमच्या गावाच्या वर, छोटे डोंगर खाली, आणि मधी आमची शेतं, घरं, सडक. मॅडमला शोधायचं होतं की जनावर मधून जाते ते नेमकं कुठून. ती वाट सापडली की तिच्या भवताली आराखडा करायचा. कुठं गुरं चारायची, कुठं तेंदूपत्ता तोडायचा, कुठं कोणीच हात लावायचा नाही, हे सगळं गावाला विचारून ठरवायचं.

मी म्हटलं, "शोधायचं काय त्यात? नाल्यानं जातात."

ती म्हणाली, "मला वाटतं पश्चिमेच्या झुडपी पट्टीतून जात असावेत."

पैज लागली. आम्ही नाल्यावर आणि पट्टीवर झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधले. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो. उन्हाळा गेला, पाऊस आला. नाल्याच्या कॅमेऱ्यात रानडुकरं आणि आमच्या गावचे मासे धरणारे. पट्टीच्या कॅमेऱ्यात चितळ, अस्वल, बिबट, रानकुत्र्यांचा कळप. मी हरलो. म्हणजे तिच्या मते हरलो. त्या वर्षी नाल्याला पाणी जास्त होतं, हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

ही पट्टी आमच्या गावची शीव. पळस, बोरी, घाणेरी, मधी एक जुनी पायवाट. मॅडमनं विचारलं, "काका, आजूबाजूला वीतभर जमीन सोडली नाही कुणी. मग हीच कशी राहिली?"

सांगण्यासारखं होतं ते. आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी प्रत्येक घराच्या दाराशी पळसाच्या डहाळ्या उभ्या करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलायच्या, ओरडत गावाबाहेर न्यायच्या आणि शिवेवर फेकून मागं न पाहता परतायचं. नागपुरात त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आमची मारबत म्हणजे ह्या डहाळ्या. गावभरचा आजार, भांडण, वाईट नजर सगळी त्या पट्टीत जाऊन पडते. मग तिथं नांगर कोण घालणार? पिढ्यानपिढ्या कोणी घातला नाही. जागा सरकारची, पण राखली मारबतीनं.

मॅडमनं वाकून गेल्या वर्षीच्या डहाळीची एक वाळकी काडी उचलली. "कमाल आहे," एवढंच म्हणाली.

कमाल तर पुढं झाली. पोळा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव डहाळ्या घेऊन निघालं, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" मीही निघालो, मीही ओरडलो, मीही नेहमीच्या जागी नेम धरून फेकलं. आठवड्यानं मॅडमनं कॅमेरा उघडला आणि हसता हसता खाली बसली. फोटोत सगळं बोरडोह तोंड उघडून कॅमेऱ्याच्या अंगावर धावून आलेलं. सर्वांत पुढं मी, हात वर, डहाळी हवेत. कॅमेरा मीच बांधलेला आणि मलाच आठवण नाही! पुढचा फोटो त्याच दिवशीच्या संध्याकाळचा. आमच्या ताज्या डहाळ्यांच्या ढिगावरून पाय उचलून वाघीण चालली होती. मागं अर्धवट वाढलेलं पिल्लू. गावाची सगळी पीडा ओलांडून ती बाई शांतपणे छोट्या डोंगराकडं निघाली होती. त्या फोटोकडं पाहताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी टोपी काढली होती एवढं आठवते.

आता खरी गोष्ट.

त्याच महिन्यात सरपंच नामदेवनं ठरवलं की गावातल्या नऊ घरकुलांची जागा ह्या पट्टीत काढायची. घरकुल मंजूर होतं, पण ज्या बायांच्या नावावर मंजूर झालं त्यांच्याजवळ स्वतःची जमीन नव्हती. दिवाळीच्या आत जागा दाखवली नाही तर मंजुरी परत जाणार होती. जुने लोक मारबतीचं नाव काढून कुरकुरले. नामदेव म्हणाला, "मारबतीले सांगा, थोडी पुढं जाऊन पड." नामदेव वाईट माणूस नव्हता. त्याला घरं बांधायची होती आणि दुसरी जागा त्याच्या नजरेत नव्हती.

त्या नऊ जणींत माझी भाची होती, रेखा. बहिणीची एकुलती एक. नवरा खापरखेड्याला वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली, आठवड्यातून एकदा घरी. ती दोन लेकरं घेऊन दिराच्या अंगणातल्या छपरीत राहत होती. पावसाळ्यात छपरीत पाणी आणि जावेच्या तोंडात जाळ.

ती माझ्या घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मामा, ते मॅडम पट्टीत घरं होऊ देत नाही म्हणे?"

"तसं नाही वं. तिथून जनावर जाते. आराखड्यात ते..."

"तुमच्या वाघाले दुसरी वाट नाही का?"

"नाही ना."

"मले आहे का?"

ती उठली. "तुमी तिच्यासंगं फिरता, फोटो पाहता, हासता. मी पाहून राहिली. फक्त एवढं सांगा, माह्या लेकरायनं वाघाचं काय घोडं मारलं?"

माझ्या बायकोनं तिला दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन माझ्यापुढं ताट आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमला म्हटलं, "वाट हलवा."

"काका, वाट मी आखलेली नाही. ती त्यांची आहे."

"मग नकाशातून काढा. नसती सापडली तर काय केलं असतं?"

"सापडली ना पण." मग तिनं सरळ सांगितलं. पट्टीत घरं झाली की दिवे येतील, कुत्री येतील, मग सडक. जनावर एकदा परत फिरलं की छोटे डोंगर तुटले. तिथलं जे आहे ते तिथंच झिजून संपेल. "आणि तो वाघ घरांमधून गेलाच, तर पहिला कुणाला भेटेल? रेखाताईंच्या पोरांनाच ना?"

मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. मी म्हटलं, "सांबराची वाट तुम्ही ठरवता, अस्वलाची ठरवता. माझ्या भाचीचं घर कोणत्या आराखड्यात आहे?"

दुसरं कोणी असतं तर चिडलं असतं, नाहीतर कायदा सांगितला असता. ही मुलगी टोपी हातात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "कुठल्याच नाही. चूक आहे ही. मला भेटवा त्यांना."

मी तिला रेखाच्या छपरीत नेलं. वाटलं होतं, आता भांडण होते. रेखानं बसायला पोतं दिलं आणि तोंड फिरवून चूल फुंकत बसली. मॅडमनं वाघाचा विषयच काढला नाही. विचारलं, "ताई, तुम्हाला कुणी आधी विचारलं असतं, की घर कुठं पाहिजे, तर काय सांगितलं असतं?"

रेखाची फुंकणी थांबली. "मले कोन विचारते?"

"मी विचारते आहे."

रेखा उठून बाहेर गेली. मला वाटलं, गेली. ती बाकी आठ जणींना घेऊन परत आली. त्या नऊ जणींनी जे सांगितलं ते ऐकून मी चाटच पडलो. पट्टीत राहायला जायची एकीचीही इच्छा नव्हती. पाणी दूर, शाळा दूर, पावसाळ्यात साप, आणि गावभराची पीडा जिथं फेकतात तिथं चूल मांडायची. "दुसरी जागा दाखवलीच नाही कोनं," एक म्हणाली. "नाही म्हटलं तर घर जाते. म्हणून मान हालवली."

"मग कुठं?" मॅडमनं विचारलं.

त्या आम्हाला घेऊन गावातून चालल्या आणि खळवाडीपाशी थांबल्या. खळवाडी म्हणजे गावाची मळणीची सामाईक जागा. पूर्वी साऱ्या गावाची ज्वारी तिथं मळली जायची. आता मशीन शेतातच दाणा काढून देते, म्हणून खळवाडी पडून. हापशी जवळ, विजेचा खांब जवळ, शाळा समोर. सोन्यासारखी जागा. फक्त मोकळी नव्हती. ज्याला जे ठेवायला घरी जागा नाही ते त्यानं तिथं आणून टाकलं होतं. कुटाराचे म्हणजे भुशाचे ढीग, तुटके बंडे म्हणजे जुन्या बैलगाड्या, सरपंचाचा ट्रॅक्टर. आणि अगदी मधोमध मातीच्या कवेलूंचं छप्पर घातलेला, शेणानं सारवलेला एक चांगला मजबूत गोठा.

रेखानं त्या गोठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि बोलायचं थांबली. गोठा माझा होता.

मॅडमला ते ठाऊकही नव्हतं. मी गोठ्यात जाऊन बैलांना कडबा टाकला आणि घरी आलो.

गांधी जयंतीला ग्रामसभा भरली. मॅडमनं शाळेच्या भिंतीवर फोटो दाखवले. पहिला मारबतीचा. लोक इतके हसले की पोट्टे बाकावर चढले. "महादूभाऊ, काय तोंड फाडलं गा!" मग वाघिणीचा फोटो आला आणि बाकावरचे पोट्टे खाली उतरले. जिथं सकाळी आपण उभे होतो, तिथं संध्याकाळी ती. एक म्हातारी म्हणाली, "माय वं, लेकरू संगं हाय तिच्या."

मॅडमनं आराखडा सांगितला, गुरांची चराई कुठं, तेंदूपत्ता कुठं, पट्टी कशी राखायची. मग नामदेव उठला. "मॅडम, सारं मान्य. पण मी नऊ घरं डोक्यावर बांधू का?"

तेव्हा रेखा उभी राहिली. ग्रामसभेत आमच्याकडच्या बाया कोपऱ्यात बसतात आणि पदर दाताखाली धरतात. ती मधी येऊन उभी राहिली. "आमाले पट्टी नको. आमाले खळवाडी पायजे. वाघीण तिच्या लेकरासंगं तिकून जाऊ द्या, आमी आमच्या लेकरासंगं इकडं राहू."

"खळवाडी रिकामी कुठी आहे वं?" नामदेव म्हणाला. "माहा ट्रॅक्टर हाय, याचं कुटार हाय, त्याचा बंडा हाय. आन महादूभाऊचा तर गोठाच हाय. सांग तुह्या मामाले, काढतो का म्हणा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. रेखाची सोडून. ती जमिनीकडं पाहत उभी होती. ती माझ्याकडं मागणार नव्हती. तिच्या आईचाच स्वभाव.

जंगलात मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो, इथून गुरं काढा, तिथं कुऱ्हाड लावू नका. सांगायला मला कधी जड गेलं नाही. मी उभा राहिलो. "हाय माहा गोठा. उद्या सकाळी नसन."

"आन बैलं?" बायांच्या कोपऱ्यातून माझ्या बायकोचा आवाज आला. "माह्या सैपाकघरात बांधता का?"

सभा फुटून हसली. नामदेवही हसला. हसता हसता म्हणाला, "मग माहा ट्रॅक्टर तरी कायले अडन गा? काढतो." कुटारवाले, बंडेवाले एकमेकांकडं पाहू लागले. आता कोण नाही म्हणते? ठराव झाला. पट्टी जनावराची, खळवाडी घरांची.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. नऊपैकी सात घरं झाली, रेखाचंही. एक बाई नवऱ्यासोबत दुसऱ्या गावी राहायला गेली, एकीचा कागद कुठं अडला तो अजून निघाला नाही, आणि त्याची मला खंत आहे. पट्टी आराखड्यात आली आणि आजही आहे. छोट्या डोंगरांच्या पलीकडची सडक मात्र रुंद झाली. तिच्याखालून जनावराला जायला उंच पूल मागितला होता, बुटका मिळाला. दोन वर्षांपूर्वी तिथं गाडीखाली मेलेलं सांबर मी स्वतः पाहिलं. सगळं जमलं असं मी कोणाला सांगणार नाही. मॅडम आता दुसऱ्या राज्यात दुसऱ्या जनावरांच्या वाटा शोधते. फोनवर अजून म्हणते, "काका, नाल्याची पैज तुम्ही हरलात." मी अजून मानत नाही. पण देवापुढं हात जोडतो तेव्हा त्या मुलीचं नाव घेतो, आणि त्या नऊ बायांचंही. जागा होती. ती कुठं आहे हे त्यांना विचारणारं कोणी नव्हतं, आमच्या गावात नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या घरातही नाही.

ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल आणि म्हैस बाहेर काढून कडुनिंबाला बांधली, लोखंडी सब्बल घेतली आणि गोठ्यावर चढलो. राग होता की आनंद होता, ठाऊक नाही, पण हात जोरात चालले. पहिल्या ओळीतले कवेलू खाली पडून फुटले. दुसऱ्या ओळीला हात घातला तोच खालून आवाज आला, "मामा, फोडू नका ना! माह्या न्हाणीवर लागतीन."

रेखा पदर खोचून उभी होती. मी सब्बल बाजूला ठेवली. मग मी वरून एकेक कवेलू देत गेलो आणि ती खाली भिंतीला टेकवून रचत गेली.